क्रेनवरचा सेट आणि मेहुण्यांचा आवाज

मी एक जुना वायरलेस सेट आहे. नुसतं जुना म्हणतोय, कारण काय काय बिघडलंय ते सांगत बसलो तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही. एरियलचं टोक गेलंय, बोलायच्या बटणावरचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि बॅटरी जरा फुगलीये. आत्ता मी एका उंच क्रेनच्या केबिनमध्ये, सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत पडलोय. एका बाजूला पान्हा, दुसऱ्या बाजूला तेलकट फडकं. वर, माझ्या हुकाला, सकाळपासून नवीन सेट लटकतोय. माझा हुक आहे तो.

मित्रांनो, मला हुकाचं दुःख नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटतेय. जेवणाची सुट्टी संपली की या क्रेनवरून एक मोठी लोखंडी टाकी इमारतीच्या मागच्या खड्ड्यात उतरवायची आहे. तो खड्डा केबिनमधून दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस जे सांगेल तेच खरं धरायचं. आणि तो माणूस कुजबुजत बोलतो. नवीन सेटला कुजबुज जमते का, हे कोणी विचारलं नाही. रंग बघितला, वजन बघितलं, पाण्यात पडला तर चालेल का ते विचारलं. कुजबुजीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. डोकं फिरतं माझं अशाने.

सुट्टी संपेपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेतो.

मी एका लांबलचक खोलीत तयार झालो. खोलीभर टेबलं, टेबलांवर दिवे, दिव्यांखाली माना घालून बसलेल्या बायका. एकीने माझ्यात चिप बसवली, एकीने स्पीकर, एकीने झाकण लावून चार स्क्रू पिळले. शेवटी एक माणूस प्रत्येक सेट तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय?" म्हणायचा. त्याचा गळा असा खणखणीत, की बंद सेटमधूनही ऐकू आला असता. त्याच्या आवाजावर आम्ही सगळे पास झालो. गळा बसलेला, आजारी, म्हातारा असा एकही माणूस त्या खोलीत कधी आला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक गोष्ट सांगतो, तुम्हाला खरी वाटणार नाही. माझ्यातून जो आवाज येतो, तो पलीकडच्या माणसाचा नसतोच. तो मी बनवतो. पलीकडचा सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाही, तेवढी जागाच नसते हवेत. तो त्याचे बारीक बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याबद्दल मला एवढंच कळवतो, की तोंडाचा आकार असा होता, आणि आतून धक्का असा आला. बाकी सगळं माझ्यावर. मी आधी धक्का तयार करतो, मग त्याला तोंडाचा आकार देतो, आणि आवाज उभा राहतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर तुम्ही फुंकर मारता ना, तसंच. बाटली म्हणजे तोंड, फुंकर म्हणजे धक्का. शिकलेले लोक त्या धक्क्याला एक्सायटेशन म्हणतात. म्हणू देत.

हे धक्के मी कुठून आणतो? माझ्या आत त्यांचा एक तक्ता भरलेला आहे. पण जागा वाचवायची म्हणून त्या तक्त्यातला प्रत्येक धक्का कंजूस आहे. थोडे टोकदार ठोके, मधे सगळं मोकळं. साध्या गळ्याला हे चालून जातं. तुम्ही गळ्यावर बोटं ठेवा आणि "आ" म्हणा. थरथर लागते की नाही? गळासुद्धा ठोकेच देत असतो. आता बोटं तिथेच ठेवा आणि नुसतं "स्स्स" करा. थरथर गेली. ती नुसती वाफ आहे. आणि वाफ ठोक्यांनी बनवायला गेलं की पत्र्यावर वाळू टाकल्यासारखं होतं. कड्कड्कड्. एखाददुसऱ्या "स"ला कोण लक्ष देतंय? माझं पण तेव्हा लक्ष नव्हतं.

खोक्यातून निघालो तो थेट एका बांधकामावर आलो. माझा जोडीदार सेट खाली गेला, मी वर क्रेनमध्ये. क्रेन चालवायचे ते दाजी. त्यांना सगळेच दाजी म्हणायचे, पण ते खरे दाजी फक्त एकाचे, खाली उभं राहून इशारे देणाऱ्याचे. तो त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजी त्याला "मेहुणे" म्हणायचे, थट्टेत मान देऊन "तुम्ही" म्हणायचे, मग माझ्या तोंडीही तेच बसलं.

काय जोडी होती ती. दाजी वर ढगात बसायचे, मेहुणे खाली चिखलात. मेहुणे बोलायला लागले की मला काम सोपं. भरलेला, गोल आवाज. "खाली, खाली, खाली, अजून, हळू, थांब." दर वेळी दाजी बटण दाबून म्हणायचे, "कळलं." हीच त्यांची पद्धत. इकडून हुकूम, तिकडून कळलं. मधे मधे टोमणे. दाजींनी एकदा फरशांची पेटी जरा आपटली तर मेहुणे म्हणाले, "दाजी, हळू. ताईची भांडी आहेत असं समजा."

"तुमच्या बहिणीने भांडी कधी माझ्या हाती दिलीत?"

"का नाही दिली ते दिसलं की आत्ता."

मेहुण्यांचं हसू मला फार आवडायचं. सगळे ठोकेच ठोके. माझ्या तक्त्याला मेजवानी.

मग मेहुणे दिसेनासे झाले. त्यांच्या जागी दुसराच कोणी उभा राहायला लागला, आणि टोमणे बंद झाले. पुढे कळलं की मेहुण्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. गाठ काढली. माणूस वाचला, गळ्याची थरथर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता आवाज एवढाच. एवढाच म्हणजे वाफ. समोर बसून ऐकलं तर प्रत्येक शब्द कळायचा, पण मोठ्याने हाक मारता यायची नाही, ओरडता यायचं नाही.

ते कामावर परत आले, तेव्हा मुकादमाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की सेटवर ऐकू येत असेल तर ठीक, नाहीतर गेटवर राखणीला खुर्ची टाकून देतो. वाईट माणूस नव्हता तो, त्याच्यापुढे त्याची काळजी होती. मेहुण्यांनी खालून सेट तोंडाशी नेला आणि काहीतरी बोलले. माझ्यापर्यंत आलं तेव्हा तोंडाचा आकार बरोबर होता, पण धक्का? सगळीच वाफ. मी तक्त्यात शोधलं. ठोके. पुन्हा शोधलं. ठोकेच. दुसरं होतंच काय माझ्याकडे? मी आपला कड्कड् करत राहिलो.

मुकादमाने दुसऱ्या सेटवरून विचारलं, "दाजी, कळतंय का त्याचं?"

दाजींनी खाली पाहिलं. इतक्या उंचावरून माणूस काडीएवढा दिसतो, पण मेहुणे मान वर करून थांबलेत हे मलासुद्धा समजलं. दाजींनी बटण दाबलं.

"कळलं," म्हणाले.

मित्रांनो, ते खोटं होतं. कारण माझ्यातून काय बाहेर पडलं ते मलाच माहीत. त्यात शब्द नव्हता.

सुरुवातीला निभावलं. इमारतीच्या पुढच्या बाजूला मेहुणे दिसायचे, हात हलवायचे, दाजी हातावरून ओळखायचे आणि तोंडाने "कळलं" म्हणायचे. मेहुण्यांना वाटायचं सेटवर ऐकू येतंय. त्यांची मान ताठ झाली होती. दाजी मात्र काम संपलं की क्रेनच्या दांड्यांवरून हात उचलायचे तर तळव्यांचा घाम दांड्यांवर राहायचा. मी रोज बघायचो.

मग मागचा खड्डा खणायला घेतला. पंपाची खोली होणार होती तिथे. तिकडे केबिनमधून भिंत दिसते, बाकी काही नाही.

त्या दिवशी सळ्यांचा भारा उतरवायचा होता. भारा भिंतीपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मेहुणे बोलायला लागले. कड्कड्. दाजी म्हणाले कळलं, आणि खाली सोडत राहिले. कड्कड्. कळलं. "खाली" असेल असं धरून चालले होते ते. आधीही तसंच धरलं होतं आणि काही झालं नव्हतं. मग कड्कड् भराभर व्हायला लागली, एकावर एक. तोंडाचा आकार बदलला होता, ओठ मिटत होते. "थांब"मधे ओठ मिटतात, "खाली"मधे नाही. मला दिसत होतं ते. पण माझ्या हातात ठोक्यांशिवाय काही नव्हतं, आणि ठोक्यांमधे ओठ कोणाला दिसतात?

"कळलं, कळलं," दाजी म्हणाले. भारा खालीच जात राहिला.

खाली काय झालं ते मला नंतर समजलं. भाऱ्याखाली एक वेल्डर वाकून काम करत होता, तोंडावर ढाल, कानात मशीनची घरघर. मेहुण्यांना सेटवरून "कळलं" ऐकू येतंय आणि डोळ्यांसमोर भारा येतोच आहे. ओरडायला गळा नाही. ते सेट टाकून पळाले, वेल्डरची कॉलर धरली आणि त्याला मागे ओढला. दोघं चिखलात पडले. वेल्डरची पाण्याची बाटली राहिली तिथेच. ती पापडासारखी चपटी झाली.

मुकादम धावत आला. दाजी शिडी उतरून खाली गेले, मी त्यांच्या गळ्यात. विचारलं तर म्हणाले, ब्रेक उशिरा लागला. मेकॅनिक आला, बिचारा दिवसभर ब्रेक उघडून बसला. ब्रेकला काय धाड भरली होती? ब्रेक उत्तम होता. मला असा राग आला होता ब्रेकच्या बाजूने. पण बोलणार कसा? माझ्यातून नेहमी दुसऱ्याचंच बोलणं येतं.

मेहुणे ऑपरेशननंतर दाजींच्याच घरी राहायचे. आम्ही दोन्ही सेट घरी खिडकीत चार्जिंगला असायचो, म्हणून घरातलं सगळं दिसायचं. दाजींची बायको, म्हणजे मेहुण्यांची ताई, शिवणकाम करायची. मशीनवर मान खाली, पण नजर घारीची. तिला ब्रेकची गोष्ट पटली नव्हती. तिने एक गोष्ट हेरली होती. भाऊ समोर बसून बोलला की नवरा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. भाऊ पाठीमागून बोलला की नवरा "हं हं" करतो. आणि भावाचं बोलणं पुरं व्हायच्या आतच "कळलं" म्हणतो.

सुट्टीचा दिवस होता. तिने आम्हाला दोघांना खिडकीतून उचललं. एक सेट भावाच्या हातात दिला, मागच्या खोलीत जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मला दाजींसमोर चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"तो एक शब्द बोलेल. काय बोलला ते सांगा."

"अगं, सकाळी सकाळी हे काय काढलंस?"

"सांगा तर खरं."

मी कड्कडलो. दाजी म्हणाले, "खाली." ताईने दार उघडून भावाला विचारलं. तो म्हणाला, "वर." दार पुन्हा लावलं. मी पुन्हा कड्कडलो. दाजी जरा थांबून म्हणाले, "थांब." दार उघडलं. भाऊ म्हणाला, "डावीकडे." तिसऱ्या वेळी दाजी कप बशीत गोल गोल फिरवत बसले.

"मला कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून कळत नाही."

मेहुणे दारात उभे होते, सेट हातात. मग म्हणाले, "मग कळलं का म्हणायचात?"

"तू गेटवर खुर्ची टाकून बसलेला मला बघवला नसता." पहिल्यांदाच "तू" म्हणाले दाजी.

"आणि तो वेल्डर सळ्यांखाली? तो बघवला असता?"

ताई कोणाचीच बाजू घेईना. मशीनवरचं कापड उगाच सरळ करत म्हणाली, "दोघांनी मिळून एक माणूस मारला असता, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्याकडे चहा मागितला असता. मी दिलाही असता. मला काय ठाऊक?"

मेहुणे म्हणाले की उद्या जाऊन मुकादमाला खरं सांगतो, गेटवर बसतो. पायात चप्पल सरकवत होते, जणू आत्ताच निघालेत. ताईने अडवलं. "तुझा गळा डॉक्टरला दाखवला ना? मग ह्या डबड्याचाही दाखवा. त्याच्यानंतर गेट आहेच, कुठे पळून जात नाही."

डबडं म्हणजे मी. वाईट वाटलं, पण ते मनावर घ्यायची वेळ नव्हती.

सेट दुरुस्त करायचं दुकान एका टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. अरुंद खोली, फळ्यांवर मेलेल्या सेटची खोकी. ती बघून माझी तर पाचावर धारण बसली. दुरुस्ती करणाऱ्या मॅडम होत्या, एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. त्यांनी मेहुण्यांना बोलायला लावलं, माझी कड्कड ऐकली आणि पहिली गोष्ट काय केली, तर माझा आवाज वाढवला. आता पत्र्यावर वाळूऐवजी खडी पडायला लागली. मेहुण्यांनी नुसती मान हलवली आणि उठायला लागले.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "मी उठा म्हटलं का?"

मग त्यांनी आधी सेटशिवाय मेहुण्यांना बोलायला सांगितलं, डोळे मिटून. मग सेटवरून. मग पुन्हा सेटशिवाय. असं किती वेळ चाललं. शेवटी मला उचलून कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "याला फुंकर येत नाही. हा नुसते ठोके मारतोय."

मित्रांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी माझं दुखणं समजलं. पण आनंद व्हायच्या आत त्यांनी माझ्यात वायर खुपसली, आणि मग जी भीती वाटली ती विचारू नका. आतला तक्ता बदलायचा म्हणजे आत हात घालायचा. चुकून सगळंच पुसलं गेलं तर? मी फळीवरच्या खोक्यात जाणार आणि मेहुणे खुर्चीत.

त्यांनी काय केलं ते सोपं करून सांगतो. तक्ता तसाच ठेवला, पण त्यातला ठोका बाहेर पडायच्या आधी पसरवला. टोकदार ठोका एका जागी न मारता आजूबाजूच्या मोकळ्या जागेत लावायचा, लोण्याचा गोळा पावावर पसरतात तसा. जोर तेवढाच राहतो, टोक जातं. ठोक्याची फुंकर होते.

मेहुणे बोलले. मी धक्का घेतला, पसरवला, तोंडाचा आकार दिला. आणि कड्कड नाही आली. वाफ आली. वाफेत शब्द.

लगेच दाजी खुश होऊन दुसऱ्या सेटवरून बोलायला लागले, तर त्यांचा आवाज उशीखालून आल्यासारखा दबका. मी सगळ्यांचेच ठोके पसरवत सुटलो होतो ना. ज्याला टोक हवं त्याचंही टोक घालवलं. मॅडमनी कपाळावर हात मारला, पुन्हा वायर. या वेळी मला शिकवलं, की आधी बघ गळ्यात थरथर आहे का. असेल तर ठोके तसेच मार. नसेल तरच पसरव. थोडी असेल तर थोडंच. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्याला आधी तेच विचारतो. अजून विचारतो.

खरी परीक्षा जिन्यात झाली. मेहुणे खाली टायरच्या दुकानात गेले, दाजी वर खोलीत, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांच्या हातात. माझ्यातून आवाज आला, बारीक, पण अक्षर न् अक्षर सुटं:

"दाजी, हळू. ताईची भांडी आहेत असं समजा."

दाजींना बटण सापडेना. तेच बटण, रोजचं. सापडल्यावर म्हणाले, "तुमच्या बहिणीने भांडी कधी माझ्या हाती..." आणि पुढचं माझ्यातून गेलंच नाही. अंगठा बटणावरून निघाला होता.

मॅडम चष्मे शोधण्यात फार गुंतल्या. एक डोक्यावर होता, एक डोळ्यांवर.

जिना चढून वर आल्यावर मेहुण्यांनी एक अट घातली. म्हणाले, आता "कळलं" हा शब्द बंद. मी जे म्हणेन तेच परत म्हणायचं. खाली म्हटलं तर खाली. थांब म्हटलं तर थांब. आणि कळलं नाही तर "नाही कळलं" म्हणायचं, मग वर सबंध टाकी लटकत असो नाहीतर मुकादम डोक्यावर येऊन बसो. दाजींनी मान डोलावली. मेहुणे म्हणाले, मान नको, तोंडाने म्हणा. दाजींनी तोंडाने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून मुकादमाला खरं सांगितलं. ब्रेकचंही. तो खूप बोलला. मेकॅनिक त्याहून जास्त बोलला. मग मुकादमाने रिकामा हुक भिंतीपलीकडे पाठवून स्वतः खाली उभं राहून बघितलं. मेहुणे हळूच म्हणायचे, हुक तिथेच थांबायचा. मुकादमाने मुद्दाम मधेच मेहुण्यांना गप्प केलं. हुक थांबला. तेव्हा कुठे गेटची खुर्ची डोक्यातून काढली त्याने.

पुढची वर्षं, एकामागून एक बांधकामांवर, चांगली गेली. चांगली म्हणजे काळजीचीच, पण कामाची. वाऱ्यात, धुळीत, उन्हात मी कुजबुजीतून शब्द उभे करत राहिलो. "प" आणि "ब" अजूनही सारखे येतात माझ्याकडून, ते जमलंच नाही. तरी नवीन माणूस आला की मुकादम मला हुकावरून काढून दाखवायचा आणि सांगायचा, हा बघ, ह्याला मुक्याचंही कळतं. चूक होतं ते. मेहुणे मुके कधीच नव्हते. पण कौतुक कोणाला नको असतं? मी घेतलं.

मग तो मुकादम गेला, दुसरा आला. माझं रबर झिजलं. बॅटरी दुपारपर्यंतच पुरायला लागली. एकदा पडलो तेव्हा एरियलचं टोक गेलं, ते कोणी बसवलं नाही. आणि काल नवीन सेटची खोकी आली; ते जुन्या सेटशीही बोलू शकतात म्हणे. दाजींनी मला कचऱ्यात टाकला नाही, पुसून पेटीत ठेवला. पण ठेवला. झाकण लावलं.

मी या नवीन सेटवर जळतोय असं समजू नका. तो हुशार असेल माझ्यापेक्षा. कदाचित त्याला फुंकर जन्मापासून येत असेल. किंवा त्यालाही कोण्या खणखणीत गळ्याच्या माणसाने "हॅलो, हॅलो" म्हणून पास केला असेल. मला काय माहीत? ते कोणालाच माहीत नाही, आणि टाकी उचलायची वेळ झाली.

झाली. मोटार सुरू झालीये. पेटी थरथरतेय. पान्हा माझ्यावर आपटतोय. क्रेन वळतेय, म्हणजे टाकी भिंतीपलीकडे चालली. आता मेहुणे बोलतील.

बोलले. वर नवीन सेटमधून काहीतरी आलं. झाकणातून मला नीट ऐकू येईना. वाफ होती की वाळू? दाजींचे पाय माझ्या अगदी जवळ आहेत. हलत नाहीत. बटणाचा टक्क आवाज आला. आता म्हणतील. सवयीने म्हणतील. एवढी वर्षं झाली, जुनी सवय कधी वर येईल सांगता येत नाही.

"नाही कळलं," दाजी म्हणाले. "परत सांगा, मेहुणे."

पुन्हा तसंच काहीतरी आलं. सेटवरून कोणीतरी ओरडतंय, ट्रक अडकलेत, काय चाललंय म्हणून. नवा मुकादम असणार.

"नाही कळलं. टाकी हलवणार नाही."

क्रेन थांबलीये. सगळं बांधकाम थांबलंय एका टाकीसाठी. मित्रांनो, मी इतके आवाज बनवले, पण याच्याइतका चांगला आवाज माझ्यातून कधी गेला नाही, आणि हा तर माझ्यातून गेलाही नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्याशी कोणी हळू बोललं, अडखळत बोललं, गळा बसलेला असला, आणि तुम्हाला नाही कळलं, तर मान डोलावून मोकळे होऊ नका. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तर अजिबात नको. तुमच्या त्या एका "कळलं"वर विसंबून तो खाली उभा असतो. परत विचारा. लाज वाटली तरी विचारा. आणि नवीन काही घ्याल तेव्हा घ्या खुशाल, पण घरातल्या सगळ्यात बारीक आवाजाच्या माणसाला आधी त्यात बोलायला लावा. जुनं टाकून देण्याआधी तेवढं बघा. माझ्यासारख्यांची बॅटरी अधूनमधून भरून ठेवा, एवढंच मागणं आहे.

थांबा. पाय हलले. दाजी वाकलेत. पेटीची कडी वाजतेय.

दुपार झालीये, बॅटरी किती उरलीये देव जाणे. पण उजेड आत यायला लागलाय, आणि त्यांचा अंगठा माझ्या गुळगुळीत बटणावर आहे.